साहेबांच्या डब्यातला ओला टेबलक्लॉथ

संग्रहालयातली माझी नोकरी तात्पुरती होती, आणि ती कायम होणार की नाही हे एका टेबलक्लॉथवरून ठरणार होतं.

बड्या अधिकाऱ्यांना घेऊन फिरणारा रेल्वेचा एक खास डबा आमच्या आवारात रुळाच्या छोट्याशा तुकड्यावर उभा आहे. त्यातल्या जेवणाच्या खोलीतलं सगळं कापड माझ्या ताब्यात: बारा नॅपकिन, पडदे, खुर्च्यांची आवरणं आणि तो नव्वद वर्षांचा पांढरा टेबलक्लॉथ. त्याला मी हातमोज्यांशिवाय शिवत नाही. "लेकीला तरी एवढं जपतेस का?" असं नवरा विचारतो. जपते की. ठमी दहा महिन्यांची आहे, हाताला लागेल ते खाली ओढते, म्हणून गेले दोन महिने आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय.

डबा लोकांसाठी उघडायच्या दिवशी टेबल जुन्या पद्धतीनं मांडायचं ठरलं. ती पद्धत ठाऊक असलेला माणूस आमच्याच घरात होता. माझ्या सासऱ्यांनी याच डब्यात तीस वर्षं वाढप्याचं काम केलं. अजूनही घरात भात वाढताना ते पाय फाकून, तोल सांभाळत उभे राहतात.

"तू बाहेर थांब, सूनबाई," ते म्हणाले. "मांडणी होईपर्यंत आत कुणी नको. आमची रीत आहे."

मी थांबले. तिथेच चुकलं. आत गेले तेव्हा टेबल बघत राहावं असं होतं. नॅपकिनचे पंखे, अर्धेच भरलेले पेले, सुऱ्या ओळीत. मी कापडाची कड चाचपली आणि हातमोजा भिजला.

"बाबा, हा ओला आहे."

"मग कोरडा घालू? पहिल्याच वळणाला ताटल्या घसरतील."

"बाबा, डब्याला इंजिन नाही. पुढे रूळ नाही. पुढे सायकल स्टँड आहे."

"साहेबांच्या गाडीचं काही सांगता येत नाही," ते शांतपणे म्हणाले.

दारावर माझ्याच अक्षरात पाटी होती: कापडाला पाणी लावू नये. आणि त्याच दारातून संग्रहालयाच्या प्रमुख बाई, रेल्वेचे बडे साहेब आणि पाहुणे आत येत होते. बाईंनी आदल्याच दिवशी बजावलं होतं, "एक डाग पडला, तर नोकरीचं पत्र विसरा."

सगळ्यांच्या मागून सासूबाई आल्या, कडेवर ठमी. "आजोबांचं टेबल दाखवायला आणलं," त्या कुजबुजल्या. मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत त्या आपल्या नवऱ्याचा रुबाब बघायला पुढे वाकल्या, आणि ठमीनं दोन्ही मुठींत कड धरून सगळा भार मागे टाकला.

मी डोळे मिटले. खळ्ळकन आवाजाची वाट पाहिली. तो आलाच नाही. डोळे उघडले तर टेबलक्लॉथ बोटभरही सरकला नव्हता. ठमी लालबुंद होऊन लोंबकळत होती. घरात तिला इतका विरोध कुणीच केलेला नाही.

"चिकटवलाय का हा?" साहेबांनी विचारलं.

"ओला आहे, साहेब. घाटातल्या वळणांसाठी. बडा पाहुणा असला की जास्त ओला करायचा." सासरे किंचित डावीकडे कलले. "आता वळण येतंय."

साहेबांनी टेबल घट्ट धरलं. मग सगळीकडे बघून सोडलं.

बाईंनी कापडाला बोट लावलं, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बाई, लक्ष माझं हवं होतं," मी म्हटलं. "साधं पाणी आहे. आत्ता उतरवून सपाट पसरून सुकवला, तर डाग पडणार नाही. रोज मात्र चालणार नाही."

"रोज तर नकोच. असाच एक नवा शिवून घ्या आणि लोकांसमोर तो ओला करून दाखवा. आजोबांकडून शिकून घ्या."

"मी? पण माझी मुदत तर या महिन्यात..."

"सोमवारी पत्र न्या. आणि आधी त्या मुलीच्या मुठी सोडवा."

त्या संध्याकाळी आम्ही दोन महिन्यांनी टेबलावर जेवलो, ओल्या चादरीवर. ठमीनं तीनदा ओढून पाहिलं आणि रागानं जमिनीवर बसकण मारली.

"माझी कोपरं भिजली," नवरा म्हणाला.

"वर घे मग," सासरे पाय फाकून भात वाढत म्हणाले. "पुढे घाट आहे."