सोळा मैल

विजेपालनं काचेभोवतीची कडी अलगद उचलली, मैलांचा मीटर पालथा केला आणि त्याचा हात तसाच थांबला. आतल्या पत्र्यावर सुईनं कोरलेलं एक अक्षर होतं, 'वि'. खाली एक आडवी रेघ.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक मीटरवर तो आपलं अक्षर कोरी. रेघ मात्र त्यानं एकदाच ओढली होती, घरच्या गाडीच्या मीटरवर.

"काय झालं, मेस्त्री?" गॅरेजच्या दारातल्या खुर्चीवरून तेन्नकोन साहेबांनी विचारलं. त्यांची मॉरिस मायनर अंगणात उभी होती. रंग नवा, गाद्या नव्या, आणि समोरच्या फळीत मीटरच्या जागी तीन रिकामी भोकं. परवा त्यांच्या मुलीची वरात याच गाडीतून निघायची होती.

"काही नाही. गंज बघतोय."

त्यानं मीटर सरळ केला. आकड्यांच्या पट्टीवर धूळ होती. अंगठ्यानं पुसली तेव्हा तीन शून्यं दिसली, मग सोळा.

बावीस वर्षांपूर्वी हा मीटर त्यानं याच बाकावर उघडला होता. थोरला भाऊ गुणदास घाईत उभा होता. दंबुल्लाचं भाडं मिळालं होतं, माणूस रस्त्यावर खोळंबला होता. काटा नीट बसवून झाल्यावर विजेपालनं गंमत म्हणून सगळे आकडे शून्यावर आणले आणि म्हणाला, "घे, तुझी गाडी आजच जन्माला आली." गुणदास हसत निघून गेला. ते वर्षच तसं होतं, बंडाचं आणि धरपकडीचं; घराबाहेर पडलेली माणसं परत येत नव्हती. गुणदासही आला नाही, गाडीही नाही. फोटो घेऊन विजेपाल ठाण्याठाण्यांत हिंडला, पण कुणी साधं नावही लिहून घेतलं नाही.

इथून, मातलेहून, दंबुल्ला अठ्ठावीस मैल. मीटर सोळावरच थांबला होता.

"कुठून मिळाले हो हे, साहेब?"

"कुरुनेगलच्या भंगारवाल्याकडून. पोत्यात पडले होते तिन्ही." तेन्नकोन उठून जवळ आले. "का? चोरीचे आहेत की काय?"

"छे. विचारलं आपलं."

"मग इतकं निरखून काय बघतोयस? आधीच सांग बाबा. लग्नाच्या गाडीत मला असली भानगड नको. संशय असेल तर दे परत, दुसरीकडे बघतो मी."

साहेबांनी हात पुढे केला. विजेपालनं मीटर छातीशी धरला, आणि आपण तो छातीशी धरलाय हे लक्षात आल्यावर फडक्यानं पुसू लागला.

"वय झालं, साहेब. जवळ धरून बघावं लागतं. माल चांगला आहे. असा दुसरा शोधत फिरलात तर वरात बैलगाडीतून काढावी लागेल."

तेन्नकोन हसले नाहीत. म्हणाले, "बसव तर. आणि ते आकडे शून्यावर आण. कुणा परक्याचे मैल माझ्या पोरीच्या गाडीला नकोत."

"आणतो. पण रस्त्यावर फिरवून बघावी लागेल. चार वाजता या."

साहेब कोपऱ्यावर वळेपर्यंत तो बाकाशी उभा राहिला. मग आकडे त्यानं एकेक करून मागे फिरवले. सहाचा पाच करताना बोट घसरलं. पुन्हा फिरवला.

तिन्ही मीटर बसवून झाल्यावर तो मागच्या घराकडे गेला. सोमलता, गुणदासची बायको, अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"अक्का, गाडी तपासायचीय. येतेस का सोबत?"

"मला कशाला रे नेतोस, मल्ली? कुठल्या रस्त्यानं?" धाकट्या दिराला ती मल्लीच म्हणे, धाकटा भाऊ.

"दंबुल्लाच्या."

तिनं सूप खाली ठेवलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं, आत गेली, आणि पांढरी साडी नेसून बाहेर आली.

गाव मागे पडलं. काटा तिसाच्या आसपास हलत होता. विजेपालची नजर रस्त्यावर कमी आणि आकड्यांवर जास्त होती. समोरून लॉरी अंगावर आली तेव्हा सोमलतानं नुसता त्याच्या दंडाला हात लावला. नऊ झाले, दहा झाले. तिला सांगायचं काय? एका पत्र्यावरून? तेरा. नालंद गाव गेलं. पंधराच्या पुढे त्यानं वेग इतका कमी केला की मागच्या बसनं भोंग्यावर भोंगा वाजवला.

सोळाचा आकडा सरळ झाला तशी त्यानं गाडी कडेला घेतली.

तिथं काहीच नव्हतं. भाताचं खाचर, एक मोरी, वडाचं झाड, आणि त्याखाली चहाची टपरी. स्टिअरिंगवरचे हात त्याला सोडवेनात.

"अक्का," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय."

पण सोमलता दार उघडून उतरलीही होती. टपरीवाली बाई फडक्याला हात पुसत लगबगीनं पुढे आली.

"अगं बाई, अक्का! यंदा बसनं नाही आलात?"

विजेपाल बघत राहिला. बाईनं न विचारता एकच पेला विसळला, मग गाडीकडे बघून दुसराही काढला. सोमलतानं मोरीच्या कठड्यावरचा पाचोळा हातानं झाडला आणि ती तिथं बसली.

तो जवळ गेला.

"कधीपासून येतेस?"

"माझी धाकटी शाळेत जायच्या आधीपासून." तिनं गुळाचा खडा दातानं फोडला, अर्धा त्याच्या तळहातावर ठेवला. "या टपरीवालीच्या सासऱ्यानं बघितलं होतं, त्या दिवशी इथं त्याचं काय झालं ते. सगळं."

"आणि मला..."

"तू दर नववर्षाला गॅरेजच्या पाटीवर तुम्हा दोघा भावांची नावं रंगवायचास, मल्ली," ती म्हणाली. "त्याचं आधी." मग पेला पुढे केला. "घे. निवेल."