कुकरमध्ये चार फोन

पाच लिटरच्या प्रेशर कुकरमध्ये चार फोन होते, दोन स्मार्ट घड्याळं आणि एक टॅब. मी दोनदा मोजलं, झाकण लावलं आणि वर शिट्टीही बसवली. शिट्टीची तशी गरज नसते, पण ती आमची रीत.

रीत मेलबर्नची, ट्रुगानिनातल्या भाड्याच्या घरातली. युरोपातल्या क्लब फुटबॉलची फायनल ऑस्ट्रेलियात रविवारी पहाटे लागते आणि तेव्हा uni मधले आम्ही सगळे रविवारी सकाळी शिफ्टला असायचो. मग दुपारी रेकॉर्डिंग बघायचं आणि तोपर्यंत स्कोअर कुणी जाणून घ्यायचा नाही. त्या घरातले नचिकेत आणि मी आता पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत, एकाच लॅबमध्ये आहोत. खाणीतून दगडाचा चुरा येतो, त्यात सोनं किती ते आम्ही मोजतो. शंतनू खाणीत इंजिनीअर, त्याची बायको दीप्ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. ती दोघं इथे आल्यावर आमच्या कुकरात सामील झाली.

यंदा फायनलवर एक गोष्ट ठरणार होती. डिसेंबरात लॅबमधून आम्हा दोघांपैकी एकालाच सुटी मिळणार होती. तुम्हीच ठरवा, असं मॅनेजर म्हणाला. माझ्या बहिणीचं, देवयानीचं, पुण्यात बारा डिसेंबरला लग्न. नचिकेतच्या शाळेच्या ग्रुपचं गोव्याला गेट-टुगेदर, आणि तो तीन वर्षं घरी गेला नव्हता. कुणाचं कारण मोठं ते तोलत बसायचं नाही, हे मीच म्हणाले होते. मग नचिकेतने सुचवलं: मॅचच्या आधी एकेक टीम घेऊ, जिंकेल त्याची सुटी.

नचिकेत रात्रपाळी करून आला होता, बारापर्यंत झोपला होता. मॅच आमच्या वेळेने पहाटे तीनला झाली, म्हणजे तो कामावर असताना. पण लॅबमध्ये फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलंही नाही.

लाल टीम त्याची. सात वर्षं त्याच टीमचा टी-शर्ट, कॉलर विरलेली. त्या दुपारी मात्र तो म्हणाला, "लाल तू घे. मी निळे घेतो."

शंतनूने त्याला लगेच धरलं, गद्दार कुठला म्हणून. नचिकेत हसला. मी पनवती आहे, म्हणाला. ज्या फायनलला मी लालांच्या बाजूने ओरडलो ती ते हरले, आज उलट बसून बघतो. मी म्हणाले, तीन मॅचवरून निष्कर्ष काढत नाहीत. पण मला ते आवडलं. माझ्यासाठी त्याने आपली टीम सोडली, असंही क्षणभर वाटून गेलं.

लालांनी एकोणिसाव्या मिनिटाला गोल केला. सत्तरावं मिनिट उलटलं तरी एक-शून्य. दीप्तीने माझ्यासाठी लग्नातल्या साडीचा रंगही ठरवून टाकला. शंतनू नचिकेतला म्हणत होता, mate, गोव्याचा समुद्र आता यूट्यूबवर बघ. नचिकेत शांतपणे उठला आणि चहा टाकायला गेला. हरताना माणसाने असंच असावं, असं माझ्या मनात आलं.

पुढच्या पंधरा मिनिटांत निळ्यांनी दोन गोल केले, दुसरा पेनल्टीवर. दोन-एक.

शेवटची शिट्टी झाली तसा नचिकेतने टीव्ही बंद केला. मग माझ्याजवळ येऊन बसला. "हवं तर तू जा, रुचा. खरंच. बहिणीचं लग्न आहे."

"नाही," मी म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

कुकर उघडला, प्रत्येकाचा फोन ज्याचा त्याला दिला आणि बाहेर अंगणात जाऊन मी देवयानीला फोन केला. ती आधी थट्टा समजली. मग, बरं, म्हणाली आणि आईकडे फोन दिला.

सोमवारी सकाळी माझी पाळी. रात्रीच्या प्रत्येक बॅचमध्ये आम्ही एक नमुना असा घालतो, ज्यातलं सोनं आधीच माहीत असतं. तो बरोबर आला तर बाकीचे आकडे खरे. रविवारी पहाटेच्या बॅचमध्ये तो टनाला अडीच ग्रॅम यायला हवा होता, आला दोन पूर्णांक एकतीस. तपासणी माझ्याकडे आली, कारण लिहायच्या फॉर्मसकट.

वजनकाटा ठीक होता. रसायनं ठीक होती. राहिली भट्टी. तिच्यात नमुने पन्नास मिनिटं ठेवतात. फार जास्त राहिले तर थोडं सोनं वाया जातं. वहीत नचिकेतच्या नीटस अक्षरात लिहिलं होतं: आत २:५८, बाहेर ३:४८. भट्टीचं दार उघडल्या-मिटल्याची नोंद मात्र यंत्र आपलं आपण ठेवतं. मी ती काढली. दार दोन अठ्ठावन्नला मिटलं होतं आणि पुढे एकदाच उघडलं होतं, चार पंचावन्नला.

मॅचची शेवटची शिट्टी किती वाजता झाली ते मी नेटवर बघितलं. चार त्रेपन्न.

संध्याकाळी पाळी बदलताना नचिकेत आला, तेव्हा वहीतल्या पानाची प्रत आणि यंत्राची नोंद, दोन्ही कागद मी त्याच्यासमोर ठेवले. तो उभ्यानेच वाचत राहिला. फोन लॉकरमध्येच होता, म्हणाला. कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरवर बघितली. आधी फक्त पाच मिनिटं बघणार होता.

"टीम निवडताना तुला माहीत होतं."

"मी तुला म्हणालो होतो ना, तू जा म्हणून? तूच नाही म्हणालीस."

त्याने कागद सरळ केले, एकावर एक ठेवले. त्या फॉर्मवर 'कारण समजले नाही' एवढंच लिही, म्हणाला. असे नमुने कधी कधी चुकतात, कुणी विचारत नाही. डिसेंबरचं आपण परत बघू. तू म्हणशील तसं.

तो हातमोजे घालून आत गेला. मी फॉर्म पुढे ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं:

भट्टीत ठेवण्याची ठरलेली वेळ ५० मिनिटे. प्रत्यक्ष वेळ ११७ मिनिटे.