पहिल्या स्वराच्या वीतभर आधी

आबा मणेरीकरांच्या तेराव्यानंतर चिंतामणराव बेहेऱ्यांच्या घरातील मागची खोली रोज एक वीत लांब होऊ लागली.

चिंतामणरावांनी ती वाढ प्रथम आपल्या हाताने मोजली, मग शिंप्याच्या फितीने मोजली. नऊ इंच, त्यात केसाचाही फरक पडत नसे. दुपारच्या चहाआधी ते आबांच्या वादनाची एक ध्वनिफीत लावीत. ती संपेपर्यंत मागची भिंत वीतभर मागे गेलेली असे, आणि भिंतीला टेकून ठेवलेला आबांचा ऑर्गनही तिच्याबरोबर गेलेला असे. पहिल्याच दिवसापासून ऑर्गनपुढच्या बाकावर आबा बसलेले होते. पाठमोरे. अंगात पांढरा लांब कोट, काळ्या टोपीच्या कडेखाली नीट कापलेले पिकले केस. चिंतामणरावांना त्याचे नवल वाटले नाही. चाळीस वर्षे त्यांनी आबांना पाठीमागूनच पाहिले होते.

हा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकात रंगमंचाच्या पायथ्याशी असतो तो. दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबून भाता भरायचा आणि दोन्ही हात सुरांसाठी मोकळे ठेवायचे. वेंगुर्ल्यापासून सांगलीपर्यंत ज्या ज्या मांडवात आबा वाजवायला बसत, तेथे चिंतामणराव आपले यंत्र घेऊन त्यांच्या मागे दहा हातांवर बसत. त्यांचे ध्वनिक्षेपकाचे दुकान होते. लग्नामुंजींत ते पोटासाठी भोंगे बांधीत. आबांचे ध्वनिमुद्रण मात्र त्यांनी कधी कुणाच्या सांगण्यावरून केले नाही. अशा एकेचाळीस फिती त्यांच्या कपाटात होत्या. आबा गेल्यावर त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींनी ऑर्गनही चिंतामणरावांकडेच पाठवून दिला. सोबत निरोप होता : "आमच्याकडे तो नुसता बघत बसतो. तुमच्याकडे निदान ऐकेल."

तेव्हापासून ते रोज एक फीत ऐकत होते. सावंतवाडीच्या प्रयोगाची फीत त्यांनी पाचव्या दिवशी लावली. त्या प्रयोगात अंतऱ्याच्या तोंडाशीच नायकाचा आवाज बसला होता. प्रेक्षकांना ते कळण्यापूर्वी आबांच्या उजव्या हाताने तो अंतरा उचलला आणि असा गाइला की मांडवातून "वन्स मोअर" उठला. नायक बाजूला झाला. त्याने हात जोडले आणि ऑर्गनकडे पाहत उभा राहिला. नटाचा वन्स मोअर वाजवणाऱ्याला मिळाल्याचे चिंतामणरावांनी आयुष्यात तेवढे एकदाच पाहिले. बाराव्या दिवशी सांगलीची फीत निघाली. तेथे नाटक नव्हते, नट नव्हते; आबा एकटेच तीन तास भीमपलास वाजवीत बसले होते. अखेरचा षड्ज त्यांनी सोडला तेव्हा स्वर थांबला की आपले ऐकणे थांबले, हे सभागृहातील कुणालाही सांगता आले नव्हते.

फितींत हे सारे होते. एकही स्वर उणा नव्हता. तरी ऐकताना चिंतामणरावांना काहीतरी टोचत असे, आणि काय टोचते ते त्यांना विसाव्या दिवशी दिसले. आबांची पाठ हलत नव्हती. हात चालत होते, पाय चालत होते, पण कोटाची मधली शिवण वरखाली होत नव्हती.

आबा श्वास घेत नव्हते.

पुढच्या आठवड्यात खोलीची मागची भिंत कुंपण ओलांडून शेजारच्या दामूअण्णा परुळेकरांच्या परड्यात गेली. दामूअण्णा खिडकीशी आले ते बोलतच आले. "—आणि तुमच्या मणेरीकरांनी माझं अळू खाल्लं, चिंतोपंत!"

"उद्या आणखी एक वीत लागेल," चिंतामणराव म्हणाले. "अळू काढून घ्या."

"आणि फणस?"

"तो आत घ्यावा लागेल."

"घ्या बापडे. पण फळं माझी. माझं झाड तुमच्या सुरात गेलं म्हणून गरे तुमचे होत नाहीत."

फणस आत आला. यंत्र आणि ऑर्गन यांच्या मधोमध तो उभा राहिला. दामूअण्णा रोज सकाळी खिडकीतून आत उतरून एकेक फळ बोटांनी वाजवून पाहत आणि पिकले नाही म्हणून निघून जात. आबांकडे पाहून ते मान लववीत. आबा मान वळवीत नसत.

चिंतामणरावांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. दामूअण्णांच्या बोलण्याला आता सुरुवात नसे. ते येत तेव्हा वाक्याच्या मध्यावर असत. दूध चुलीवर ठेवल्याचे चिंतामणरावांना आठवत नसे, ते उतू जातानाच दिसे. कोंबडा आरवे तो आरवण्याच्या मध्यापासून. दिवस उजाडत नसे, उजाडलेला असे. प्रत्येक गोष्टीचा पहिला वीतभर भाग कुणीतरी स्वच्छ कापून घेतला होता. कापण्याची ती सफाई त्यांच्या ओळखीची होती, आणि म्हणून त्यांना भय वाटू लागले.

एकेचाळिसावी फीत संपली त्या दुपारी सुमतीवहिनी आल्या नाहीत. त्या आलेल्या होत्या. दारातल्या खुर्चीवर नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्या बसल्या होत्या, आणि पुढ्यातला चहा अर्धा संपला होता.

"किती लांब गेले हो," त्या म्हणाल्या.

"एकेचाळीस विती," चिंतामणराव म्हणाले.

वहिनींनी फणसाच्या पलीकडे पाहिले. तेथे अंगठ्याएवढा पांढरा कोट दिसत होता. त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "भावजी, मी मागायला आले आहे."

"सगळ्या फिती तुमच्याच आहेत, वहिनी. मी फक्त राखणदार."

"फिती नकोत मला. तो सूर सगळ्यांचा होता, सगळ्यांनी ऐकला. सूर सुरू होण्याआधी ते जे म्हणायचे, तेवढं मला द्या. घरात त्यांचा आवाज कुठंच उरला नाही. फोटोत चेहरा आहे, कोटाला वास आहे, आवाज नाही. रात्रंदिवस आठवून पाहते, पण आता माझ्या आठवणीत ते माझ्याच आवाजात बोलू लागलेत."

चिंतामणरावांनी खाली पाहिले. वादन सुरू करण्यापूर्वी आबा काय करीत ते त्यांना पाठ होते. पाय फळ्यांवर ठेवून ते दोनदा रिकामाच भाता भरीत. भात्याबरोबर त्यांची छातीही भरून येई. मग अगदी हलक्या आवाजात, मान न वळवता, ते म्हणत, "बैस हं." आणि मग पहिला स्वर.

"ते फितींत नाही," चिंतामणराव म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मी कापून टाकीत असे. घरी आलो की पात्याने. फळ्यांची करकर, भात्याचा उसासा, आबांचे ते शब्द... सूर निर्मळ असावा, सुरापासूनच सुरू व्हावा, अशी माझी समजूत होती. शिवाय," ते थांबले. हे त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला सांगितले नव्हते. "शिवाय ते मला उद्देशून असत. मी मागे तारा जुळवीत उभा असे. एवढ्या थोर कलावंताच्या फितीत माझ्यासारख्याचा उल्लेख राहावा, हे मला योग्य वाटले नाही."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आले. ते दुष्ट नव्हते.

"तुम्हाला कशाला बैस म्हणतील, भावजी? तुम्ही तर पडदा उघडायच्या तासभर आधीपासून बूड टेकून असायचात! त्यांनाच बाकाशी जायला वाट मिळायची नाही, एवढा तुमच्या तारांचा पसारा."

"मग?"

"नटमंडळींना चहा देऊन मी शेवटी यायची. डावीकडच्या खांबाशी माझी खुर्ची. मी बसल्याशिवाय ते सूर लावीत नसत. लग्नानंतरच्या पहिल्या प्रयोगाला मी उशिरा आले आणि नांदी चुकली, म्हणून रडले होते. त्या दिवसापासून तसं ठरलं आमचं. ते म्हणायचे, मी सांगायची."

"तुम्ही काय सांगत होतात?"

"तेही कापलंत की काय?" वहिनी म्हणाल्या.

चिंतामणराव उठले. कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आपल्याला मिळालेली गोष्ट टाकून देणे बरे नव्हे, एवढ्याच विचाराने त्यांनी ते तुकडे जपले होते. तपकिरी, चकचकीत, सगळे सारख्या लांबीचे. त्यांनी त्यांतला एक तळव्यावर ताणून धरला. तो अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बरोबर पुरला. त्यांनी मान वर करून खोलीच्या लांबीकडे पाहिले, आणि मग वहिनींकडे पाहण्याचे टाळले.

ते तुकडे त्यांनी चिकटपट्टीने एकापुढे एक जोडले. वहिनी एकेक तुकडा मोजून त्यांच्या हातात देत होत्या. डबा रिकामा झाला.

"चाळीसच," वहिनी म्हणाल्या.

"पहिला वेंगुर्ल्याचा. तो मी देवळामागे फेकला. पुढे आणखी असतील हे तेव्हा ठाऊक नव्हते."

त्यांनी यंत्र सुरू केले. फळ्या दोनदा करकरल्या. भाता भरला. एका माणसाने श्वास घेतला आणि तो हलकेच म्हणाला, "बैस हं." त्यामागून, इतक्या बारीक आवाजात की चाळीस वर्षे चिंतामणरावांनी तो लुगड्याची सळसळ समजून सोडून दिला होता, एक तरुण स्त्री म्हणाली, "बसले."

मागची भिंत एक वीत पुढे आली.

वहिनी उठल्या आणि खोलीतून चालू लागल्या. यंत्रातून पुन्हा फळ्या करकरल्या. बैस हं. बसले. पुन्हा. बैस हं. बसले. दर खेपेला तिचा आवाज थोडा वयस्क होत होता, त्याचा थोडा जड. भिंत येत होती. वहिनी तिच्याकडे जात होत्या. फणस खिडकीबाहेर गेला. दामूअण्णा तेव्हा त्याच्यावर होते, "अहो, अहो, उतरू तर द्या!" एवढे त्यांचे शब्द आरंभापासून अखेरपर्यंत स्पष्ट ऐकू आले. अळवाचा वाफा उघडा पडला. आबांची पाठ हाताएवढी झाली, मग माणसाएवढी झाली, आणि प्रत्येक तुकड्यासरशी कोटाची शिवण वर येऊन खाली जाऊ लागली.

चिंतामणरावांनी दारातली खुर्ची उचलली आणि ते वहिनींच्या मागोमाग गेले. ऑर्गनच्या डाव्या हाताला, खांब असता तर जेथे असता तेथे, त्यांनी ती मांडली. मग ते मागे सरले. आपली जागा किती हातांवर आहे हे त्यांना मोजावे लागले नाही.

चाळिसावा तुकडा गेला. "बैस हं," यंत्रातला थकलेला आवाज म्हणाला. "बसले," यंत्रातली म्हातारी म्हणाली. फितीचे मोकळे टोक चकतीवर फटफटू लागले, तेव्हा चिंतामणरावांनी यंत्र बंद केले.

खोली आता पूर्वीएवढी झाली होती. फक्त एका वितीने जास्त होती. त्या वितीत आबा बसले होते. वहिनींचा हात पुढे झालेला होता. बोटांची टोके आणि कोटाचा खांदा यांच्यामध्ये तेवढेच अंतर होते, आणि हात लांबवूनही ते कमी होत नव्हते.

आबांचे पाय फळ्यांवर आले. एकदा करकर झाली. दुसऱ्यांदा झाली. भाता भरला. पाठ भरून आली आणि भरलेलीच राहिली. दहा बोटे पांढऱ्या पट्ट्यांवर अधांतरी थांबली.

"बैस हं," आबा म्हणाले.

बाहेर काही वाजत नव्हते. चिंतामणराव वाट पाहत होते. त्यांचा स्वतःचा श्वासही आत अडला होता. वहिनींच्या गुडघ्यांना मागून खुर्चीची कड लागली होती.

"वहिनी," ते कुजबुजले, "ते थांबले आहेत."

"मला दिसतंय, भावजी," सुमतीवहिनी म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.