विमानातली दुसरी जागा

मनसारामचा कोणावरच भरवसा नव्हता. दूधवाला पाणी घालतो असं येरमटोल्यात सगळ्यांनाच वाटायचं, पण आपल्याच घरच्या दुधात तो जास्त घालतो असं एकट्या मनसारामला वाटायचं. अडुसष्ट वर्षांचा झाला तरी बाजारातून आणलेलं मीठ तो आधी चाखून बघे. त्याची बायको कुंता म्हणायची, या माणसाचं लग्न झालं हाच चमत्कार आहे.

पण गावच्या तलावातून विमान निघालं तेव्हा त्याचा संशय फुकटचा नव्हता.

मे महिना होता, तलाव तळाला गेला होता आणि गाळ काढायला भद्रावतीचा अंकुश आपला जेसीबी घेऊन आला होता. दुसऱ्याच दिवशी खोलगट भागात बादलीचे दात लोखंडावर घासले. चिखलातून आधी एक इंजिन वर आलं, त्याच्या तोंडाशी लाकडी पंख्याचं थोटुक होतं. मागे नळ्यांचा वाकलेला सांगाडा अजून गाळात रुतलेला होता. काठावरची म्हातारी माणसं एका सुरात म्हणाली, "लटारूचं इमान!"

लटारू म्हणजे मनसारामचा आजा. नव्वद वर्षांपूर्वी एक गोरा साहेब दोन माणसांचं, वरून उघडं, पंख्याचं विमान घेऊन शिकारीला आला होता. धान कापलेल्या बांध्या सपाट करून गावानं त्याला उतरायला जागा करून दिली. एका सकाळी विमान उडालं, तलावावर वळलं आणि सरळ पाण्यात गेलं. त्या काळी असली विमानं पडतच असत, इंजिन बंद पडायला फार मोठं निमित्त लागत नसे. साहेबाचं प्रेत तिसऱ्या दिवशी तरंगत वर आलं, ते सरकारी माणसांनी नेलं. आणि त्याच सकाळपासून लटारू गावातून नाहीसा झाला.

चैतू नावाच्या माणसानं पंचांपुढं सांगितलं, 'मी डोळ्यानं पाहिलं. लटारूनं बुडी मारली, साहेबाची चामड्याची बॅग काढली आणि जंगलाकडं पळाला.' पंचांनी ठरवून टाकलं की लटारूच्या घरचं जाळं या तलावात पडणार नाही. ते आजवर पडलं नव्हतं. गावातले बाकीचे ढीवर घरामागच्या तलावात मासे धरायचे, आणि मनसाराम, त्याच्याआधी त्याचा बाप, दहा किलोमीटर सायकल हाणून वैनगंगेवर जायचे. मच्छीमार सोसायटीकडं त्यानं तीनदा अर्ज दिला. सोसायटीचा अध्यक्ष देवानंद, म्हणजे त्याच चैतूचा नातू, दर वेळी गोड हसून म्हणायचा, "पाहू ना, भाऊ." हे पाहणं पंधरा वर्षं चाललं होतं.

आता हिशेब सोपा होता. बॅग विमानातच निघाली तर लटारू चोर नव्हता आणि त्याच्या घरचं जाळं तलावात पडायला कोणाची आडकाठी राहणार नव्हती. नाही निघाली तर चैतू खरा.

मनसाराम तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली ठाण मांडून बसला. कोणी सांगाड्याजवळ गेलं की हा उठून त्याच्या मागे. फोटो काढायला आलेल्या पोरांचे त्यानं खिसे तपासले. अंकुश जेवायला बसला तर हा त्याच्या डब्यात डोकावला. लोकांनी हसून घेतलं. देवानंद मात्र हसला नाही. तो दिवसातून दोनदा येऊन जात होता.

"अंकुश, तेवढं इंजिन काढ आन बाकी तिथीच दाबून टाक," तो म्हणाला. "पावसाच्या आधी काम झालं पायजे."

"एवढी घाई काऊन?" मनसारामनं विचारलं.

"घाई कायची, भाऊ? भंगारच हाय ते."

"भंगार हाय त मंग राहू दे ना वरते. तुले कुठी टोचून राह्यलं?"

मनसारामला आत एक वेगळीच भीती होती, ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. बॅग निघणार नाही असं त्याला वाटत होतं. सगळ्या जगावर संशय घेणारा माणूस आपल्या आजाला कसा सोडेल?

विमान निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कुंता भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन आली, तेवढ्यात अंकुशनं सांगाडा अलगद उचलून कोरड्या जागी ठेवला. विमानात एकामागे एक दोन जागा होत्या. मागची, चालवणाऱ्याची, रिकामी होती. पुढच्या जागेत काळ्या चिखलाचा गठ्ठा अडकून बसला होता. अंकुशनं मशीन बंद केली, खाली उतरला, हातानं थोडा चिखल ओढला आणि मागे सरकला.

"हाडं हायेत, काका."

लोक गोळा झाले. गठ्ठ्यावर जागेच्या पट्ट्याचं पितळी बक्कल होतं, ते अजून लावलेलंच होतं. पट्टा कधीच कुजून गेला होता. बक्कलाच्या मागे बरगड्या होत्या, आणि बरगड्यांच्या पुढं, जिथं माणसाची मांडी असते तिथं, चिखलात लडबडलेल्या गोल गोल गोळ्यांचा ढीग होता.

त्या कशाच्या ते ढीवरांना सांगावं लागत नाही. जाळ्याला वजन म्हणून लावायच्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या होत्या त्या. आता सगळे शिसं लावतात, कुंतासारखी एखादी बाई अजून माती वळते. ढीवर आपलं जाळं जमिनीवर ठेवत नाही. कोणी ओलांडलं तर त्यात मासा लागत नाही म्हणतात. म्हणून कुठंही जायचं तर जाळं खांद्यावर, आणि बसायचं तर मांडीवर. शिवाय प्रत्येक घराची गोळीवर आपली खूण असते. ओल्या मातीवर घरातली बाई नखं दाबते, कोणाकडं दोन, कोणाकडं आडवी चार, म्हणजे जाळी सरमिसळ होत नाहीत.

"जाळ्यावाला माणूस होता हा!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"असन कोणीबी," देवानंद घाईनं म्हणाला. "जुनं जाळं बुडालं असन अन् येऊन अटकलं असन. तीन नखाच्या गोळ्या का एकट्या लटारूच्याच घरी होत्या?"

मनसाराम वाकलेला होता तो ताठ झाला. आयुष्यभर सगळ्यांचं बोलणं तोलून ऐकायची त्याची सवय आज पहिल्यांदा कामाला आली.

"देवानंद," तो हळू म्हणाला, "गोळी अजून कोणं धुतली नाई. तुले तीन नखं कुठून दिसली?"

देवानंदची नजर चिखलानं माखलेल्या गोळ्यांवर गेली.

"आन आमच्या घरची गोळी एका नखाची हाय. लटारूची तीन नखाची होती, हे त्याच्या नातवाले माईत नाई. तुले कोणं सांगतलं?"

कुंतानं एक गोळी उचलली आणि बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं. चिखल गेला. लालसर मातीवर एका बाईची तीन नखं स्वच्छ उमटलेली होती. कुंता म्हणाली, "सासूबाई सांगे, पयले आपली खूण दुसरीच होती. नदीवर लोकं चोराचं जाळं म्हून कापून टाकत, तवा आजेसासूनं बदलवली."

सगळे देवानंदकडं बघत होते. अंकुशसुद्धा. देवानंद तिथंच खाली बसला, आणि मग खरं बाहेर पडलं. चाळीस वर्षांपूर्वी चैतूनं मरताना त्याला सगळं सांगितलं होतं, लटारूच्या गोळीवरच्या तीन नखांसकट. वरून रानगव्यांचा कळप दाखवायला साहेबानं चैतूला न्यायचं ठरवलं होतं. पंखा फिरायला लागला तसा चैतूचा धीर सुटला. तलावाकडून जाळं घेऊन लटारू येत होता, त्याला चैतूनं हातापाया पडून आपल्या जागी बसवलं. बघायला दुसरं कोणी नव्हतं. विमान पडलं. माणूस आपण पाठवला म्हणून पोलीस आपल्यालाच धरतील या भीतीनं तो पळून गेला अशी थाप चैतूनं मारली. पळालेल्या माणसाला पाण्यात कोण शोधणार? कोणी शोधलंच नाही.

"चाळीस वर्सं झाली तुले माईत होऊन," मनसाराम म्हणाला.

"माह्या आज्याचं नाव जात होतं, भाऊ."

"आन माह्या आज्याचं?"

"आजपासून तुमचं जाळं टाका," तो खाली बघत म्हणाला. "मी लिहून देतो."

"बॅग?" मनसारामनं विचारलं. "बॅगेचं काय झालं?"

"बॅग नवतीच. आज्यानं बनवून सांगतली होती."

मनसारामला खूप राग यायला हवा होता. तीन दिवस त्यानं या क्षणासाठी शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्यातली एकही आठवेना. तो सांगाड्याला टेकून तिथंच चिखलात बसला. कुंता जवळ आली, तिला वाटलं ऊन लागलं. तिनं बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

"कुंता," तो म्हणाला, "बाबा गेले त्या दिवशी तू कुठी होती?"

"तिथीच होती. त्याइचे पाय चेपत होती."

"म्हंजे आयकलं तू."

कुंतानं बाटलीचं बूच लावलं. तिनं ऐकलं होतं. सासरा जन्मभर एकच वाक्य बोलायचा, 'माहा बाप चोर नवता', आणि शेवटच्या दिवशीही तेच बोलत होता. तेव्हा त्याच्या एकुलत्या एक मुलानं त्याच्या कानाशी वाकून विचारलं होतं, 'बाबा, आता त खरं सांगा. थे बॅग कुठी गाडली?'

"मी इचारल्यावर बाबा काई बोलले का?" मनसारामनं विचारलं. "मी बाहीर निंगून गेलो होतो."

कुंताला खोटं बोलता आलं असतं. पण हा माणूस खोटं लगेच ओळखतो, हे तिला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"नाई," ती म्हणाली. "त्याच्यानंतर बोललेच नाई."