माझी रेघ सपाट नाही

मी बोलतोय, धरणाच्या मोजणीखोलीतल्या भिंतीवरचा आलेख. घाबरलोय, म्हणून बोलतोय.

धरणाच्या भिंतीखालून मिनिटाला किती पाणी झिरपतं, ते मोजणीच्या बाई रोज सकाळी खाली उतरून मोजतात आणि माझ्यावर एक ठिपका देतात. एका चौकोनाला एक लिटर. आजचा ठिपका कालच्याला जोडला की बाई चहाला मोकळ्या. हात मोठा नेटका त्यांचा.

पुढे धरणातलं पाणी उतरू लागलं, तरी माझे ठिपके चढतच राहिले. धरण उतरलं की झिरपणंही उतरायला हवं ना! रेघ कागदाबाहेर जायला लागली, तशा बाई माझ्या वरच्या कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवू लागल्या.

साहेब हसले, "अहो बाई, छताला भिडवताय की काय याला?"

बाई ओशाळल्या. लगेच नवा कागद आला, एका चौकोनाला दहा लिटर. डाव्या कडेला आकडेही लिहिले, बारीक अक्षरांत. खोटं काहीच नव्हतं, पण माझी चढण आडवी झाली.

सुरुवातीला बाई कडेचे आकडे वाचायच्या. मग नजर सरावली. माणसं रेघ बघतात, आकड्यांकडे कोण बघतंय! साहेब तर दारातूनच "छान, शांत आहे" म्हणून पुढे जातात. पाणी पहिल्याच्या तिप्पट झालंय हो! ओरडावंसं वाटतं, पण मला तोंड कुठे आहे?

आज बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती धरणाच्या पायथ्याशी राहते, दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेले सासरे घेऊन.

"ताई, ओढ्याला गढूळ पाणी येतंय गं. शेजारचे चाललेत वरच्या गावाला. आम्हीपण निघू का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला. डावीकडे बघा बाई, नुसती नजर सरकवा.

"छे गं! आलेख समोरच आहे माझ्या, रेघ अगदी सपाट. लहानपणापासून घाबरट ती घाबरटच राहिलीस. म्हाताऱ्या माणसाला कुठे हलवतेस?"

"तू म्हणतेस तर ठीकच असेल. थांबतो मग."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या चहाला गेल्या.

हे वाचणाऱ्या माणसा, तू तरी जवळ ये. रेघ नंतर बघ, आधी कडेचे आकडे वाच आणि बाईंना हाक मार. त्यांची बहीण घरीच थांबलीय.