बदकाचा स्वेटर आणि करमाफी

आमच्या संस्थेच्या दुकानात लोकांनी दिलेले जुने कपडे विकले जातात आणि त्या पैशातून रुग्णांना औषधं मिळतात. म्हणून दुकानाला मालमत्ता कर माफ आहे. तरी यंदा कर निरीक्षक आले आणि गल्ल्याशी उभे राहून म्हणाले, "दुकान म्हटलं की धंदा आला. हा माल दानातलाच आहे कशावरून?"

माझं डोकंच तापलं. आता पुरावा कुठून आणायचा? लोक बाहेरच्या पेटीत कपडे टाकतात आणि निघून जातात. पण दुकान सांभाळणाऱ्या मावशी शांतपणे दर्शनी काचेत लावलेला एक स्वेटर काढून घेऊन आल्या. जांभळा, पोटावर भलंमोठं पिवळं बदक. त्यांनी गळ्याची पट्टी उलटली. आत लोकरीनं विणलं होतं, 'जावईबापूंना'.

"सासूनं विणलेला स्वेटर घाऊक बाजारात मिळतो का, साहेब?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पट्टी पुन्हा सरळ केली.

"दानातलाच आहे," ते हळूच म्हणाले. "मीच टाकला होता. घरी हरवला म्हणून सांगितलंय."

मला हसू आवरेना. मावशींनी मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. साहेबांनी करमाफीच्या अर्जावर 'माल दानातला, स्वतः खात्री केली' असं लिहून सही ठोकली आणि खिशातून पाकीट काढलं.

"हा बांधून द्या. सासूबाई रविवारी येतायत."

सोमवारी सकाळी मी पेटी उघडली. बदक सगळ्यात वर होतं, नीट घडी घातलेलं.