चौदा नंबरचा पाना

कानाच्या दुखण्याने चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी फिटरना सायकल चालवायला बंदी केली. घरी येऊन त्यांनी सायकल लख्ख पुसली आणि जागेवर लावली. बायकोने आठवडाभर दम धरला. लेक पुलापलीकडे राहायची, बाजारही तिकडेच. शिवाय लग्नाआधी बायको स्वतः सायकल हाणायची. लग्नानंतर मात्र कायम मागच्या कॅरिअरवर, "अहो, जरा हळू" म्हणत.

"सीट चार बोटं खाली घ्या," ती म्हणाली. "मी चालवेन."

फिटर अंगणात बराच वेळ खुडबुडले अन् हात झटकत आत आले. "सीटचा बोल्ट निघत नाही. बोल्टाचे कोपरे गेलेत, पाना नुसता फिरतो. राहू दे आता."

तिने जाऊन पाहिलं. बोल्टाचा माथा गोटीसारखा गुळगुळीत! या माणसाने जन्मभर कारखान्यात नटबोल्ट सोडले-आवळले, आणि दुसऱ्याने कोपरा मारलेला दिसला तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही. मग तिला पायरीवर पाना दिसला. चौदा नंबरचा, तोंडात लोखंडाचा ताजा कीस. सीटच्या बोल्टाला तेराचा लागतो; चौदाचा सैल बसून कोपरे खातो. इतकी वर्षं हातात पाने देऊन तिला ते पाठ झालं होतं, आणि यांना ठाऊक नसावं होय?

आधी तिला हसू आलं, मग खरं कारण उमगलं. एकदा सीट खाली आली की पुन्हा वर जायची नाही, हे म्हाताऱ्याला कळत होतं. तोंडाने नाही म्हणवेना, म्हणून बोल्टाकडून वदवून घेतलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ती भांडली नाहीच. तिने जड हातोडी घेतली, बोथट छिन्नी घेतली आणि बोल्टावर मुद्दाम तिरपा घाव घातला. छिन्नी घसरली, नळीचा रंग उडाला.

"अगं, अगं! जीव घेतेस का तिचा?" फिटर अनवाणी धावत आले.

"मग काय करू? तुमच्याच्याने होत नाही म्हणालात."

"माझ्याच्याने होत नाही?"

बाण बरोबर लागला. त्यांनी छिन्नी हिसकावून घेतली. बोल्टाच्या बुडाशी रॉकेल सोडून मुरू दिलं. मग कानशीने गोल माथ्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट केल्या, मधूनमधून बोटाने चाचपत. "बारा," म्हणून हात पुढे केला. तिने बारा नंबरचा पाना हातावर ठेवला. तो घट्ट बसला. पान्यावर हातोडीचे दोन हलके ठोके बसले आणि बोल्ट कुरकुरत फिरला.

फिटरनी पाना खाली ठेवला.

"चौदाचा लावला होता मी. मुद्दाम."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्यांनी डब्यातून नवा बोल्ट काढला, तिला शेजारी उभी करून सीट तिच्या मापाची केली आणि तेराच्या पान्याने आवळली. "जा, लेकीकडे जाऊन ये," म्हणत ते आत वळले.

"एकटी कशाला जाऊ? डॉक्टरांनी चालवू नका म्हटलंय, मागे बसू नका असं नाही. या."

फाटकाबाहेर सायकल थोडी डगमगली, सरळ झाली, उताराला लागली. दोन हातांनी तिची कंबर घट्ट धरली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागून आवाज आला, "अगं, जरा हळू."